‘अन्न सोडले’ या वाक्प्रचाराविरुद्ध

मराठी भाषेत मांजर सतत खात असते. ते डोळे मिटून दूध पिते. शिंके तुटले की बोक्याचे फावते. विश्वासाने मांजरीच्या हाती शिंके देणे हा मूर्खपणाचा दाखला ठरतो. उंदराला मांजर साक्ष राहते तेव्हाही त्या साक्षीची पुढची गत आपण गृहीत धरलेली असते. म्हणींच्या या संसारात न खाणाऱ्या मांजरासाठी वाक्य नाही. त्यामुळे घरातले मांजर खरोखर आजारी पडते, बशीपाशी येऊन वास घेते आणि मान फिरवून निघून जाते, तेव्हा आपण माणसाच्या मृत्युशय्येपाशी बोलायचे वाक्य उचलतो आणि म्हणतो : ‘तिने अन्न सोडले.’ हे वाक्य आम्ही शेजाऱ्यांकडून ऐकले आहे, पशुवैद्याच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर ऐकले आहे आणि भाषेवर ज्यांचे पोट चालते अशा प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकले आहे. या टिपणाचा आरोप या वाक्यावर आहे. वाचू शकणारी मांजरे या वाक्यापायी मरतात, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रथम क्रियापदाकडे पाहू. ‘सोडणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो, आणि तो कर्ता काहीतरी धरून ठेवण्यास समर्थ असावा लागतो. संसार सोडला, राज्य सोडले, हट्ट सोडला, देह सोडला : या सर्व प्रयोगांत आधीची पकड आणि नंतरचा निश्चय अभिप्रेत असतो. अन्नाच्या बाबतीत तर या क्रियापदाला आपल्या संस्कृतीने मोठीच प्रतिष्ठा दिली आहे. जैनांची सल्लेखना आहे, प्रायोपवेशनाची जुनी परंपरा आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकरांनी अन्न आणि औषध थांबवून देह ठेवला आणि आपल्या कृतीसाठी ‘आत्मार्पण’ हा शब्द वापरला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला. या कृतींविषयी कोणाचे काहीही मत असो, ते निर्णय होते. त्यांना कारणे होती, ती कारणे शब्दांत सांगता येत होती, आणि जवळच्या माणसांना त्यांच्याशी वाद घालता येत होता. ‘अन्न सोडले’ म्हणताच हे सारे तेजोवलय आपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या मांजरीभोवती उभे करतो. ती जणू विरक्त झाली आहे, तिला काही उमगले आहे, आता आपण मध्ये पडू नये, असे आपोआप सुचवले जाते. आणि आपण खरोखरच मध्ये पडत नाही.

वस्तुतः मांजरीच्या देहाला व्रत माहीत नाही. १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. मनुष्यदेहाला हे फार कष्टाने का होईना शक्य होते, कारण उपवासात तो हळूहळू आपला खर्च बदलतो : प्रथिने मोडणे कमी करतो, साठवलेल्या चरबीपासून इंधन तयार करतो आणि मेंदूलाही त्याच इंधनावर चालवतो. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी. प्रथिने मोडण्याची तिच्या यकृतातली यंत्रणा अन्न मिळो न मिळो चालूच राहते. ती मंद करण्याची सोय निसर्गाने तिला फारशी दिलेली नाही. खाणे थांबले की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे धाव घेते, आणि ती पुढे वाहून नेण्यासाठी जी प्रथिने लागतात त्यांचाच तुटवडा असतो. चरबी यकृतातच साचते. अंगाने भरलेल्या मांजरांत हे विशेष वेगाने घडते. काही दिवसांच्या उपाशीपणानंतर हिरड्या आणि कानांची आतली कातडी पिवळी दिसू लागते. यकृत बिघडले की मळमळ वाढते, मळमळीमुळे खाणे आणखी अशक्य होते. म्हणजे मूळ दुखणे एखाद्या दाताचे असले तरी न खाणे हाच दुसरा, पहिल्याहून घातक आजार होऊन बसतो. या दुसऱ्या आजारावर मुख्य औषध एकच आहे, ते म्हणजे अन्न. वेळेवर आणि पुरेसे अन्न पोटात जाऊ लागले तर अशी पुष्कळ मांजरे बरी होतात. ‘तिने सोडले आहे, तिच्या मनाविरुद्ध काही करू नका’ असे म्हणत घालवलेले चार दिवस म्हणजे नेमके ते औषध रोखून धरलेले चार दिवस.

तिचे मन कशात असते, हेही आता पुष्कळसे ठाऊक आहे. मांजर अन्नाची पारख मुख्यतः नाकाने करते; सर्दीने नाक चोंदले तर समोरची मासळी तिच्या लेखी नसल्यासारखी असते. हिरड्या सुजलेल्या असतील तर ती भुकेने बशीपर्यंत येते आणि पहिल्या घासाच्या वेदनेने मागे सरते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रक्तात साचलेल्या द्रव्यांनी सतत मळमळते. स्वादुपिंडाचा दाह, आतड्यात अडकलेला दोरा, गाठ, विषाणूचा संसर्ग, अशी कारणांची मोठी यादी देता येईल. कपाटाखाली जाऊन बसणे हेही मृत्यूच्या जाणिवेचे लक्षण म्हणून वर्णिले जाते. पण बरी होणारी मांजरेही दुखत असताना अशीच लपतात. दुबळेपण उघड्यावर न दाखवणे ही त्या जातीची जुनी सावधगिरी आहे. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकसणे, थोबाडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी, या पाच गोष्टी पाहायच्या. ज्याला आपण ‘शांत, अंतर्मुख झाली आहे’ म्हणतो, त्या मुद्रेतले अर्धमिटले डोळे आणि खाली झुकलेले डोके या पद्धतीत वेदनेचे गुण म्हणून मोजले जातात. आपण समाधी वाचत होतो, तिथे दातदुखी लिहिलेली होती.

गंमत अशी, की या अवस्थेसाठी अचूक रूप मराठीत तयार आहे आणि आपण ते वर्गात शिकवतो. शक्य क्रियापद. ‘तिला खाववत नाही.’ ‘तिच्याने गिळवत नाही.’ दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शालेय पुस्तकांपर्यंत ‘मला चालवते’, ‘त्याला बसवत नाही’ अशी उदाहरणे आपण घोकत आलो आहोत. या रूपात इच्छा नाकारलेली नसते; इच्छा आणि कृती यांच्यामध्ये देह आडवा आलेला असतो. ‘अन्न सोडले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला हात जोडायला लावते. ‘खाववत नाही’ हे वाक्य ऐकणारा लगेच विचारतो : का खाववत नाही? दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. एका प्रत्ययाच्या अंतरावर एक जीव आहे, असे आम्ही म्हणतो तेव्हा अतिशयोक्ती करत नाही.

साहित्याच्या बाजूने याला एक उत्तम साक्ष आहे. डोरिस लेसिंग यांच्या ‘पर्टिक्युलर्ली कॅट्स’ (१९६७) या पुस्तकात त्यांच्या काळ्या मांजरीला आतड्यांचा गंभीर संसर्ग होतो. ती खाणेपिणे थांबवते, थंड कोपरे शोधून बसते, आणि लेसिंग तिच्याविषयी मरणाचा निश्चय केलेल्या प्राण्याच्या भाषेत लिहितात. म्हणजे आम्ही ज्या सवयीवर टीका करतो आहोत ती एवढ्या मोठ्या लेखिकेलाही सुटलेली नाही. परंतु त्याच पानांवर लेखिकेचे हात काय करतात ते पाहावे. त्या मांजरीला थंड कोपऱ्यातून पुन्हा पुन्हा उचलून आणतात, उबेत ठेवतात, दिवसरात्र थोडे थोडे द्रव तिच्या तोंडात घालत राहतात. मांजरी जगते. भाषा एक सांगते, हात दुसरे करतात, आणि हात बरोबर ठरतात. समीक्षेच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक हातांच्या बाजूने वाचावे अशी आमची सूचना आहे. निश्चयाचे रूपक तिथे प्रसंगाला उंची देत असेल. मांजरीला मात्र पाण्याच्या थेंबांनी वाचवले.

उलट आपल्या वर्गांत ज्या मांजराची चर्चा होते ते बहुधा निरोगी असते. देरिदांनी १९९७ च्या व्याख्यानात स्नानगृहात आपल्याकडे पाहणाऱ्या मांजरीवर तत्त्वज्ञानाचा डोलारा उभा केला, आणि ही खरी मांजरी आहे, रूपक नव्हे, असे आग्रहाने बजावलेही. तरी डोना हारावे यांनी २००८ मध्ये ‘व्हेन स्पीशीज मीट’ या पुस्तकात विचारले ते योग्यच होते : त्या सकाळी ती मांजरी स्वतः काय करत होती, तिला काय वाटत असावे, याविषयी तत्त्वज्ञाला कुतूहल का वाटले नाही? आमचा प्रश्न याहून खालच्या पातळीवरचा आहे. त्या मांजरीने त्या दिवशी खाल्ले होते का? सिद्धांतातले मांजर पाहते, पाहिले जाते, मौन राखते, ‘इतर’ ठरते. त्याला हिरड्या नसतात. सुसान सॉन्टॅग यांनी कर्करोगाच्या उपचारांच्या अनुभवातून १९७८ मध्ये ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ लिहिले आणि आजारावर चढवलेली रूपके रुग्णाचेच नुकसान करतात हे दाखवून दिले. ते पुस्तक आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यावर प्रश्न काढतो, आणि घरी येऊन आजारी प्राण्याला वैराग्याचे रूपक बहाल करतो. माणूस निदान रूपकाविरुद्ध लिहू शकतो. मांजराला तीही सोय नाही.

‘पण काही आजार असाध्यच असतात ना?’ असा प्रश्न येईल. असतात. परंतु असाध्यतेची यादीही कालबद्ध असते. मांजरांच्या कोरोना विषाणूपासून उद्भवणारा एफआयपी हा रोग पिल्लांचा आणि तरुण मांजरांचा काळ समजला जाई. ताप हटत नाही, पोटात पाणी भरते, पिल्लू खाणे थांबवते. मग ‘त्याने सोडले’ म्हणून सारे मोकळे होत. २०१९ मध्ये नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ या विषाणुरोधक द्रव्याचा ३१ मांजरांवरील अनुभव प्रसिद्ध केला, आणि त्यांतली बहुतेक मांजरे वाचली होती. पुढे काही देशांत हे औषध पशुवैद्यांमार्फत रीतसर मिळू लागले. जी पिल्ले त्या उपचाराने पुन्हा बशीवर तुटून पडली, त्यांनी आधी काय सोडले होते? काहीच नाही. औषध नव्हते, एवढेच खरे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : बळेच खाऊ घालणे हा छळ नव्हे काय? अनेकदा तो छळच असतो, हे आम्हाला मान्य आहे. मळमळणाऱ्या मांजरीला टॉवेलात गुंडाळून सिरिंजने घास कोंबला तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि त्या अन्नाची तिला कायमची शिसारी बसते. पण याचे उत्तर हात झटकणे हे नाही. आधी मळमळ आणि वेदना यांवर औषध, मग भूक लागण्यासाठी मदत, अन्न अंगाच्या उबेइतके कोमट करून वास मोकळा करणे. एवढ्याने भागले नाही तर भूल देऊन मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसवलेली बारीक नळी. आमच्यापैकी दोघांनी आळीपाळीने अशा नळीने अन्न दिले आहे. दिसायला ती भयंकर दिसते. मांजरी मात्र मांडीवर निजलेली असताना तिच्या पोटात जेवण जाते, आणि तोंडापाशी कोणी झटापट करत नाही. बारा दिवस ती नळीवर होती. तेराव्या दिवशी नळी गळ्यात असतानाच तिने उकडलेल्या बांगड्याचा तुकडा स्वतः खाल्ला. ‘मनाविरुद्ध’ या शब्दाचा अर्थ आम्ही त्यानंतर जपून लावू लागलो. याउलट आपल्याकडचे घरगुती उपाय पाहावेत. म्हणींनी शिकवले म्हणून आधी दूध पुढे केले जाते. बहुतेक प्रौढ मांजरांना ते नीट पचत नाही. साखर घालून पाहतात. मांजराच्या जिभेला गोड चवच कळत नाही, त्यामागचा जनुकीय दोष २००५ मध्ये दाखवला गेला. ताप वाटला तर माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कुटून देतात, आणि ती तर मांजराला सरळ विष आहे.

तिसरा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल : माणसे उपाशी असताना मांजराच्या जेवणाचे हे सोहळे कशाला? येथे सॅम्युअल जॉन्सनची आठवण करू. त्याचा हॉज नावाचा बोका म्हातारा आणि आजारी झाला, त्याला कालवांखेरीज काही खाववेना, तेव्हा जॉन्सन स्वतः बाजारात जाऊन कालवे आणत असे, हे त्याची स्नेही हेस्टर थ्रेल हिने १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदवले आहे. स्वतः का? तर घरातला नोकर फ्रान्सिस बार्बर याला, जमैकात गुलामीत जन्मलेल्या त्या कृष्णवर्णीय माणसाला, चतुष्पादाच्या सेवेला जुंपल्याचा अपमान वाटू नये म्हणून. या एका कृतीत आक्षेपाचे उत्तर आहे. मांजराची शुश्रूषा आणि माणसाचा मान या दोन्हींची काळजी एकच माणूस, एकाच फेरीत घेऊ शकतो. मात्र ती फेरी त्याने स्वतःच्या पायांनी घालायला हवी. आपल्या घरांत आजारी मांजराचे करणे बहुधा घरातली बाई किंवा कामाला येणाऱ्या मावशी यांच्यावर पडते, आणि विरक्तीचे सुभाषित मात्र दिवाणखान्यातून येते. आक्षेप घ्यायचा तर या वाटणीवर घ्यावा.

खर्चाचे म्हणाल तर तो खराच मोठा आहे, आणि सोयीही विषम आहेत. मुंबईकर परळच्या जुन्या रुग्णालयाला पिढ्यान्‌पिढ्या ‘बैलघोडा’ म्हणत आले. ओझे ओढणाऱ्या जनावरांचा दवाखाना हीच आपली पशुवैद्यकाची पहिली कल्पना. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. पण तालुक्याच्या गावी मांजराच्या गळ्यात नळी बसवणारा हात सहज सापडत नाही. तेथे राहणाऱ्यांना किंवा महिन्याचा पगार जेमतेम पुरणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. आमचे मागणे फक्त वाक्यापुरते आहे. पैसे नसतील तर ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणावे. दवाखाना दूर असेल तर तसे सांगावे. कंटाळा आला असेल तर, धैर्य असल्यास, तेही सांगावे. ‘तिने अन्न सोडले’ या वाक्याचे खरे काम आपली अडचण, आपला निर्णय, कधी आपली हलगर्जी त्या मुक्या प्राण्याच्या नावावर चढवणे हे आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याची जबाबदारी तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर आहे. कायद्याचा कर्ता माणूस आहे. आपल्या वाक्यातला कर्ता तेवढा बदललेला आहे.

आणि शेवट येतोच. आम्ही सांगितलेली मांजरी त्यानंतर सव्वा वर्ष जगली. मग मूत्रपिंडे पुरती थकली आणि औषधांनी मळमळ आवरेना. तेव्हा पशुवैद्यांनी भुलीचे इंजेक्शन दिले आणि तिला झोपेतच जाऊ दिले. तो निर्णय होता, आणि तो आम्ही घेतला. उपासाने दिवसेंदिवस झिजत जाण्याला ‘नैसर्गिक मरण’ म्हणून गौरवणाऱ्यांनी त्या झिजण्यातली मळमळ, तहान आणि सुकलेले तोंड यांचा हिशेब एकदा मांडावा. उपचार कुठे थांबवायचे हा प्रश्न अवघड आहे, दर घरात त्याचे उत्तर निराळे येईल. पण तो प्रश्न आपला आहे, हे निदान व्याकरणाने कबूल करावे.

तेव्हा साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. प्रौढ मांजराने चोवीस तास अन्नाला तोंड लावले नाही, पिल्लाने तर अर्धा दिवसही, की पशुवैद्याला गाठावे आणि तिथे ‘तिला खाववत नाही’ असे सांगावे. निदान होईपर्यंत कोणाही प्राण्याला संन्यास देऊ नये. विरक्ती हा मोठा शब्द आहे; ज्यांनी तो कमावला त्यांच्यासाठी तो राखून ठेवावा. मांजरीला मासळी हवी असते.